बाबा अडकले, जीव एकच उरला

मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. माझ्या नजरेतून अनुस्वारसुद्धा निसटत नाही अशी आमच्या छापखान्यात ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे, पण आहे! चहाला बसलो तरी बिस्किटाच्या पुड्यावरच्या मजकुरातली चूक मला आधी दिसते आणि बिस्कीट नंतर. त्यामुळे सासऱ्यांनी जेव्हा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की जावईबापू, तुम्हाला वाचायला चांगलं जमतं ना, तेव्हा मला हसूच आलं. मी म्हटलं, बाबा, लिहिलेलं असेल ते मी वाचतो, पुसलेलं असेल तेही वाचतो. संध्याकाळपर्यंत हे वाक्य माझ्या अंगावर येणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

झालं होतं असं. सासू-सासरे तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून आमच्या शेजारच्या तळमजल्यावर राहायला येणार होते. रविवार होता. बायको औषधांच्या दुकानात कामाला आहे आणि तिथे रविवार नावाचा प्रकार नाही, म्हणून बांधाबांधीला मी एकटाच हजर. सासूबाई एका कचेरीत टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्या, पण शिस्त झाली नाही. त्यांनी घरातल्या वस्तूंचे दोन ढीग केले होते, 'न्यायचं' आणि 'भंगार'. सासऱ्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे त्यांची बहुतेक चीजवस्तू दुसऱ्या ढिगात होती. ते स्वतः पहिल्या ढिगाजवळ जपून बसले होते.

भंगाराच्या ढिगावर अगदी वर एक कीबोर्ड होता. निदान मला तो कीबोर्ड वाटला. सासरे म्हणाले, कीबोर्ड नव्हे, तो अख्खा कॉम्प्युटर आहे. घरगुती कॉम्प्युटर नुकते निघाले होते तेव्हाचा. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही जोडायचा, आणि खेळ यायचा गाण्यांच्या असतात तसल्या कॅसेटवरून. टेपरेकॉर्डरला वायर लावून कॅसेट सुरू केली, की तो दाढ दुखत असल्यासारखा किंचाळत बसायचा. मनसोक्त किंचाळून झालं की पडद्यावर खेळ उभा. मला हे ऐकूनच इतकं कुतूहल वाटलं की मी हातातली सुतळी टाकून खाली बसलो.

खरी गंमत पुढे होती. त्या काळी दुकानात येणारे परदेशी खेळ पाहून पाहून सासऱ्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी स्वतःचा एक खेळ बनवला होता. एक छोटा माणूस, फळ्या, शिड्या, विहिरी, बंद दारं. एका वेळी एकच वस्तू उचलायची, कोडं सोडवून ती योग्य ठिकाणी वापरायची, की पुढची खोली उघडते. आणि सगळं मराठीत! फक्त यंत्राला देवनागरी लिपी ठाऊक नव्हती. म्हणून सासऱ्यांनी मराठी सगळी इंग्रजी अक्षरांत ठोकून दिली होती.

"शेवटच्या खोलीत तुमच्या सासूबाईंसाठी काहीतरी लिहून ठेवलंय," सासरे स्वयंपाकघराकडे बघत कुजबुजले. "तिने हा खेळ कधी खेळलाच नाही. संध्याकाळी भंगारवाला येणार. त्याआधी एकदा तिला तिथवर न्यायचंय. माझी बोटं आता चालत नाहीत हो."

त्यांनी बोटं दाखवली. स्क्रूचा बारीकसा आटा फिरवणारी ती बोटं आता कपाचा कान धरतानाही कुरकुरत होती. मला भरून आलं. शिवाय मी प्रुफांच्या गठ्ठ्यातलं शेवटचं पान आधी वाचणारा माणूस. काय लिहिलंय, असं मी लगेच विचारलं. सासरे नुसतेच गूढ हसले आणि म्हणाले, पोचल्यावर कळेलच. आता मी ते यंत्र भंगारात जाऊ देणं शक्यच नव्हतं.

आम्ही बैठकीच्या खोलीचे जाड पडदे ओढून अंधार केला, कारण सासऱ्यांच्या जुन्या टीव्हीचं चित्र उजेडात दिसत नव्हतं. टीव्हीने तापल्या धुळीचा जळका वास सोडला. टेपरेकॉर्डर किंचाळला. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, की कोणाचं शेपूट चेंगरलं. बऱ्याच खटपटीनंतर खेळ एकदाचा पडद्यावर आला, आणि आम्ही टाळी देतोय तोच टेपरेकॉर्डरने कॅसेटमधली फीत चावून, तिचा पार गुंता करून बाहेर टाकली.

सासऱ्यांनी ती फीत हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली. मग त्यांनी मला समजावलं. खेळ आता कॅसेटवर राहिला नाही. तो फक्त यंत्राच्या डोक्यात आहे, आणि वीज आहे तोवरच आहे. बटण बंद झालं, की संपलं. पुन्हा कधीही नाही. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी नकळत प्लगला हात लावून तो घट्ट बसलाय ना ते बघितलं.

पडद्यावर एक गोल डोक्याचा, चष्मेवाला, टकलू माणूस उभा होता. सासऱ्यांनी तरुणपणी स्वतःचंच चित्र काढलं होतं, आणि टक्कल त्यांना तरुणपणापासूनच होतं. माझी बायको लहानपणी या माणसाला बाबाच म्हणायची. मग आम्हीही तेच सुरू केलं. त्यामुळे बाबा माझ्या शेजारी बसून चहा पीत होते आणि मी बाबांना विहिरीवरून उड्या मारायला लावत होतो. बाबांना एकूण तीन जीव होते. हे सासऱ्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, चिक्कार झाले.

पहिल्या खोलीत दारावर एक पहारेकरी होता आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, MALA DE. मी वाचलं, मला दे. अरे पण काय देऊ? मी त्याला दगड दिला. दोरी दिली. बादली दिली. तो हलेना. बऱ्याच वेळाने सासऱ्यांनी खाकरून सांगितलं, की ते 'मला' नसून 'माळा' आहे. कोपऱ्यात मण्यांच्या माळा पडल्या आहेत, त्या द्या. मी म्हटलं, बाबा, यात काना कुठे कळतो? ते म्हणाले, संदर्भाने कळतो, तुम्ही मुद्रितशोधक ना? मी माळा उचलल्या.

पुढच्या खोलीत पाटी होती, PUDHE TALE AHE. आता मी शहाणा झालो होतो. पुढे टाळे आहे. टाळ्याला किल्ली लागणार! मी सगळ्या फळ्या पालथ्या घालून किल्ली शोधली, ती घेऊन ऐटीत पुढे निघालो, आणि बाबा धपकन पाण्यात पडले. तळे होतं. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. एक जीव गेला. त्यांना मी सांगून पाहिलं, की छापखान्यात असा मजकूर आला असता तर मी लेखकाला बोलावून घेतलं असतं. लेखक शेजारीच बसलाय हे माझ्या लक्षात होतं, पण राग आला की माणूस बोलून जातो.

असं करत करत आम्ही पोचलो एका काळोख्या बोळात. मागे एक दार, पुढे एक दार. पुढच्या दारापलीकडे शेवटची खोली. भिंतीवर फक्त दोन शब्द, KADI LAV. यात चुकण्यासारखं काही नव्हतंच. अंधार आहे, काडी लाव. बाबांच्या खिशात काडेपेटी होतीच. मी सासऱ्यांकडे बघितलं, ते छताकडे बघत होते. मी काडी लावली.

पडदा लालभडक झाला. बोळात कापूस भरलेला होता म्हणे. बाबा, कापूस, शिडी, सगळं जळालं आणि दुसरा जीव गेला. बाबा पुन्हा बोळात उभे राहिले ते शेवटच्या जिवावर. मी सासऱ्यांना म्हटलं, आता तरी सांगा. ते म्हणाले, जावईबापू, इथलं मला नीट आठवत नाही, बरीच वर्षं झाली. मला तो त्यांचा लेखकाचा अहंकार वाटला.

मग मला बायको आठवली. लहानपणी ती हा खेळ खेळलेली. मी तिला फोनवर निरोप पाठवला. घाईत होतो, त्यामुळे इकडचं तिकडचं काही लिहीत बसलो नाही. निरोप असा होता: 'दार बंद आहे. काडी लावली तर सगळं जळालं. बाबा अडकले. एकच जीव उरला. काय करू?'

एका वाचनात कळावा इतका स्वच्छ मजकूर. मी तो तपासूनही पाहिला, एक चूक नव्हती. मात्र आम्ही जुना खेळ काढून बसलोय हे मी तिला आधी कळवलेलं नव्हतं. फोन जवळ असला की टीव्हीचं चित्र थरथरायचं, म्हणून निरोप गेल्यावर मी फोनचा आवाज बंद करून तो आतल्या खोलीत, गाद्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून आलो. बायकोने त्यावर कितीदा फोन केला ते मी नंतर पाहिलं. इथे सांगत नाही, फार वाईट वाटतं.

आम्ही दोघं बोळातल्या त्या दोन शब्दांकडे डोळे लावून बसलो. मी काना-मात्रा लावून पाहिल्या. सासऱ्यांनी चष्मा काढून, घालून पाहिलं. काही सुचेना. भंगारवाल्याची वेळ होत आली होती. आणि खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली. नुसती खेळ हरण्याची नाही. हा माणूस एवढी वर्षं एक गोष्ट मनात ठेवून बसला, आणि ती आता माझ्या एका चुकीच्या बटणाने जाणार होती.

तेवढ्यात सासूबाई वर्तमानपत्रात गुंडाळलेले पेले घेऊन खोलीतून पलीकडे निघाल्या. चालता चालता त्यांनी पडद्याकडे एक नजर टाकली.

"काडी नव्हे, कडी," त्या म्हणाल्या. "मागच्या दाराला कडी लावा. मग पुढचं उघडतं."

आणि पेले घेऊन गेल्यासुद्धा! मी बाबांना मागे पळवलं, दाराला कडी घातली, आणि पुढचं दार खरोखर कुरकुरत वर सरकायला लागलं. ते यंत्र फार सावकाश चाले, दार एकेक रेघ करून वर जात होतं. आईंना कसं कळलं, असं मी म्हणेपर्यंत सासरे उठून त्यांना हाका मारत होते. अगं ये, अगं ये, असं त्यांचं चाललं होतं. सासूबाई हात पुसत आल्या, मला कामं आहेत म्हणाल्या, पण खुर्चीत बसल्या. सासरे त्यांच्या शेजारी बसले. दार अर्धं उघडलं होतं. आतल्या भिंतीवर लिहिलेल्या अक्षरांचा फक्त खालचा काठ दिसत होता. मी मान वाकडी करून तो काठ वाचायचा प्रयत्न करत होतो.

आणि सगळं काळं झालं.

टीव्ही, पंखा, यंत्राचा तो बारीक लाल दिवा, सगळं. जिन्यात धाडधाड पावलं वाजली, दार ढकललं गेलं आणि याच इमारतीत तळमजल्यावर राहणारा वायरमन पाण्याची बादली घेऊन आत आला.

"घाबरू नका काका, मेन बंद केलाय! आग कुठे आहे?"

त्याला माझ्या बायकोने दुकानातून फोन केला होता. घर पेटलंय, नवऱ्याने काडी लावली, बाबा बंद दारामागे अडकलेत आणि घरात एकच जीव वाचलाय. तो कोणाचा ते कळत नाही, पळ! तो बिचारा चहावरून उठून धावत आला होता. वायरमन म्हणून त्याने सर्वांत आधी जे करायला हवं ते केलं होतं. त्याला दोष देता येत नव्हता. तरी मी मनातल्या मनात दिला. मग मी सगळं उलगडून सांगितलं, त्याने बादली दारापाशी ठेवली आणि मोठ्या कुतूहलाने विचारलं, की मग शेवटच्या खोलीत काय होतं?

आम्ही तिघांनी सासऱ्यांकडे पाहिलं. अंधारात त्यांचा नुसता चष्मा दिसत होता.

मी हळू आवाजात म्हटलं, "बाबा, खेळ गेला तो गेला. आता तुम्हीच सांगा."

"मला आठवत नाही," सासरे म्हणाले. "म्हणून तर बघायचं होतं."

म्हणजे ते गूढ हसू, ते छताकडे बघणं, यातलं काही अहंकार वगैरे नव्हतं. हिच्यासाठी काहीतरी छान लिहिलं होतं एवढंच त्यांना आठवत होतं. काय, ते पार विसरून गेले होते, आणि विचारणार कोणाला? मला इतकं अपराधी वाटलं की तिथल्या तिथे विहिरीत उडी मारावी, आणि विहीरही आता गेली होती.

"मला आठवतंय," सासूबाई म्हणाल्या.

सासरे खुर्चीत वळले. सासूबाई शांतपणे सांगत होत्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्या आजारपणाच्या रजेवर घरी होत्या. हे दुकानात गेले की त्या खेळ लावायच्या. आधी त्या डबड्याला नावं ठेवली होती, त्यामुळे यांना सांगायची चोरी. पण शेवटच्या खोलीपर्यंत गेल्या होत्या. वाचून इतका राग आला, की यंत्र बंद केलं ते पुन्हा हात लावला नाही.

"राग आला?" सासऱ्यांचा आवाज चिरकला. "अगं, असं काय लिहिलं होतं मी?"

"हसलीस की गाळात खाली पडते," सासूबाई म्हणाल्या. "नवीन लग्न झालेल्या बायकोला कोणी अशी धमकी देतं का? आणि 'पडते' नव्हे, 'पडतेस' हवं. पण म्हटलं, जाऊ दे, यांचं व्याकरण पहिल्यापासूनच कच्चं."

सासरे ते वाक्य पुटपुटायला लागले. मीही पुटपुटायला लागलो. वायरमनही लागला. दिवसभर फळीवरून खाली पडणाऱ्या माणसाबरोबर घालवल्यावर ते वाक्य मलाही बरोबरच वाटत होतं. विहिरीत गाळ असायचाच. पण ते 'पडते' मात्र मला खुपलं. मुद्रितशोधकाला एवढं तरी खुपायला हवं! मी सासूबाईंना म्हटलं, आई, एकेक अक्षर सांगा, जसं टाईप कराल तसं. त्यांनी मांडीवर बोटं वाजवत सांगितलं, HASLIS KI GALAT KHALI PADTE. मग म्हणाल्या, आम्ही टायपिस्ट, समोर असेल ते बघायचं, अर्थ लावायचा नसतो.

"खाली नव्हे गं," सासरे एकदम म्हणाले. त्यांना आठवलं होतं. "खळी. हसलीस की गालात खळी पडते."

माझी अशी समजूत की आता सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी वगैरे येईल. पण एवढी वर्षं फुकट गेलेला राग काही लगेच उतरत नाही. खळीतला ळ तुमच्या इंग्रजीत कुठे असतो हो, असं त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांचा आवाज हलायला लागला. त्या हसत होत्या! इतक्या वर्षांत मी त्यांना असं खळखळून हसताना ऐकलं नव्हतं. सासरे अंधारात चाचपडत म्हणाले, जावईबापू, तो पडदा सारा, लवकर सारा, मला काही दिसत नाहीये.

मी बसल्या बसल्याच हात लांबवून पडदा सारला. उजेड सरळ सासूबाईंच्या चेहऱ्यावर आला. सासरे पुढे वाकले, चष्मा वर केला, खाली केला आणि दुरुस्तीला आलेला रेडिओ तपासावा तसा त्यांनी तो गाल अगदी जवळून तपासला.

"आहे," ते म्हणाले. "अजून आहे!"

नेमकी त्याच क्षणी माझी बायको जिना चढून, धापा टाकत दारात आली. तिला फक्त एवढंच ऐकू आलं. टीव्हीचा जळका वास खोलीत होताच, आणि बादली तिच्या पायाशीच होती. तिने एकदाही न थांबता वासाच्या दिशेने ती अख्खी भिरकावली.

टीव्हीपुढे मी बसलो होतो. वायरमनने मला उठायला हात दिला आणि तो धीर देत म्हणाला, की साहेब, काळजी नको, मेन बंद आहे, शॉक बसणार नाही.